ऑटो क्रेचमरचा आकडा शेवटपर्यंत कुणीच का मोडला नाही?

प्रश्न असा आहे की ऑटो क्रेचमर मार्च 1941 मध्येच पकडला गेला, युद्ध पुढे चार वर्षं चाललं, तरी जहाजं बुडवण्यात जर्मन पाणबुडी कॅप्टन लोकांमधला त्याचा पहिला नंबर शेवटपर्यंत कुणी हलवू शकलं नाही, मग हे नशीब होतं का माणूसच वेगळा होता.

मी नेव्हीत पाणबुड्यांवर बावीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी फॉक्सट्रॉट क्लासच्या जुन्या डिझेल बोटींवर, त्यामुळे हा विषय निघाला की मला राहवत नाही. उत्तर लांब होणार आहे, सावकाश वाचा.

आधी आकडा नीट समजून घेऊ. क्रेचमरच्या नावावर चाळीसहून जास्त जहाजं आणि साधारण पावणेतीन लाख टन लागतात. आता हे टन म्हणजे वजन नाही, ही चूक फार लोक करतात. व्यापारी जहाजाचं ग्रॉस टनेज म्हणजे त्याच्या आतल्या जागेचं माप, 100 घनफूट म्हणजे एक टन. म्हणजे पावणेतीन लाख टन म्हणजे तेवढ्या मापाची जहाजं इंग्लंडच्या हातातून गेली, आणि जर्मन पाणबुड्यांचा प्रमुख डोनिट्झ सगळं युद्ध ह्याच हिशोबाने लढत होता, की इंग्रज जेवढी जहाजं बांधतात त्यापेक्षा जास्त बुडवायची, बस. दुसऱ्या नंबरवर वोल्फगांग ल्यूट येतो, साधारण सव्वादोन लाख टन, आणि तिथपर्यंत पोचायला त्याला 1943 उजाडलं, त्यासाठी तो यू-181 ही पाणबुडी घेऊन पार आपल्या हिंदी महासागरात, मोझांबिक-मॉरिशसच्या बाजूला 200 दिवसांपेक्षा जास्त फिरत होता. क्रेचमरने सगळं दीड वर्षात केलं, आणि त्यातलं मोठं काम तर यू-99 वर, जून 1940 ते मार्च 1941, म्हणजे जेमतेम नऊ महिन्यात.

माणूस कोण होता ते थोडक्यात. 1912 चा जन्म, सायलेशियातला, शाळामास्तरांच्या घरातला. सतरा वर्षांचा असताना काही महिने इंग्लंडमध्ये एक्झेटरला होता, तिथे इंग्लिश पक्कं झालं, ते पुढे फार विचित्र प्रसंगी कामाला आलं, सांगतो. 1930 ला नेव्हीत भरती, नंतर पाणबुड्या. युद्ध सुरू झालं तेव्हा तो यू-23 चा कॅप्टन होता, ही टाइप टू बी म्हणजे अगदी चिमुकली बोट, 25 माणसं, पुढे टॉर्पेडो सोडायच्या तीन ट्यूब आणि एकूण पाच टॉर्पेडो, जर्मन लोक तिला लाकडाच्या ओंडक्याची होडी म्हणायचे. आपल्याकडे एकलकडी होडी असते ना, तसलं काहीतरी. पण पाच टॉर्पेडोंची बोट चालवणारा माणूस काय शिकतो? एकही वाया घालवायचा नाही हे शिकतो. जानेवारी 1940 मध्ये त्याने ऑर्कनी बेटांजवळच्या इंगानेस उपसागरात शिरून नांगर टाकून उभा असलेला डॅनिश टँकर डॅनमार्क उडवला, दहा हजार टनांचा. पुढच्या महिन्यात ब्रिटिश युद्धनौका, डिस्ट्रॉयर डेअरिंग, त्यात दीडशेच्या वर माणसं गेली, वाचले फक्त बोटावर मोजण्याएवढे. माझं मत असं की पुढचा सगळा क्रेचमर ह्या छोट्या बोटीवर घडलाय, पण लिहिणारे थेट यू-99 वर उडी मारतात.

आता यू-99. टाइप सेव्हन बी, साडेसहासष्ट मीटर लांब, पुढे चार ट्यूब मागे एक, 14 टॉर्पेडो, चाळीस-पंचेचाळीस माणसं. आमची फॉक्सट्रॉट 91 मीटरची, 22 टॉर्पेडोंची होती, आणि त्या बोटीत पण श्वास घ्यायला जागा नाही असं वाटायचं, तर ह्यांचं काय होत असेल विचार करा. ह्या बोटीच्या पहिल्याच गस्तीवर जर्मनांच्याच शार्नहॉर्स्ट जहाजाच्या विमानाने तिला शत्रूची समजून हल्ला केला आणि परत दुरुस्तीला यावं लागलं. नांगर वर काढताना त्याला घोड्याचे नाल अडकून आले, ते शुभ मानून कॉनिंग टॉवरवर, म्हणजे बोटीच्या वरच्या बुरुजावर, सोनेरी नाल रंगवले, ही गोष्ट सगळीकडे सापडेल. नशिबाचा प्रश्न बहुतेक तिथूनच येतो. पण नालाने जहाजं बुडत नाहीत.

मुद्दा इथे आहे. पाणबुडी म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढे पाण्याखालून पेरिस्कोप वर काढून मारणारी बोट येते. त्या काळची बोट तशी नव्हतीच. यू-99 पाण्यावर डिझेलवर साडेसतरा नॉटच्या वर पळायची (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल), आणि पाण्याखाली बॅटरीवर फार तर आठ, ते पण थोडाच वेळ, चार नॉटने गेली तर नव्वद मैलांच्या आसपास बॅटरी संपली. कॉन्व्हॉय, म्हणजे राखणीत एकत्र चालणारा व्यापारी जहाजांचा ताफा, चालायचा सात-आठ नॉटने. म्हणजे डुबकी मारली की तुम्ही आंधळे, हळू आणि मागे पडलेले. वर राहिलात तर तुम्ही सगळ्यांपेक्षा चपळ. आणि दुसरी गोष्ट, इंग्रजांचं अॅस्डिक, म्हणजे आपण ज्याला सोनार म्हणतो ते, पाण्याखालची बोट पकडायला बनवलेलं, पाण्यावर तरंगणारी बोट त्यात धड दिसायचीच नाही. रडार 1940 मध्ये एस्कॉर्टवर, म्हणजे ताफ्याच्या राखणीच्या लढाऊ जहाजांवर, जवळपास नव्हतंच. राहिला माणसाचा डोळा. आता रात्री पाणबुडीच्या ब्रिजवर उभं राहिलेल्या माणसाला विचारा, मी कित्येक रात्री उभा राहिलोय, तुमचा डोळा पाण्यापासून चार-पाच मीटरवर असतो, समोरचं मोठं जहाज आकाशाच्या उजेडावर काळं उठून दिसतं. त्या जहाजावरचा माणूस मात्र खाली काळ्या पाण्यात तुमचा बारीकसा टॉवर शोधत असतो, त्याला काही दिसत नाही. अरबी समुद्रात दिवे न लावलेल्या मच्छीमार बोटी मला बोटीवरून दिसायच्या आणि शेजारून जाणाऱ्या मालवाहू जहाजाला पत्ताच नसायचा, हे मी स्वतः बघितलंय.

रात्री वर राहून हल्ला करायची कल्पना क्रेचमरची एकट्याची नव्हती, डोनिट्झ पहिल्यापासून तेच शिकवत होता. पण बाकीचे बाहेरून, एस्कॉर्टच्या पलीकडून, तीन-चार टॉर्पेडो पंख्यासारखे पसरून सोडायचे, एखादा तरी लागेल म्हणून. क्रेचमर एस्कॉर्टच्या मधून थेट कॉन्व्हॉयच्या आत, जहाजांच्या दोन रांगांच्या मधल्या गल्लीत घुसायचा आणि तिथून एकेका जहाजाला एकेक टॉर्पेडो मारायचा. ऐकायला वेडेपणा वाटतो. पण हा शुद्ध हिशोब आहे, करून दाखवतो. इलेक्ट्रिक टॉर्पेडो तीस नॉटचा, म्हणजे सेकंदाला साधारण पंधरा मीटर. दोन हजार मीटरवरून सोडला तर पोचायला दोन मिनिटांच्या वर लागतात. जहाजाचा वेग तुम्ही फक्त एक नॉट चुकीचा धरलात तर तेवढ्या वेळात जहाज तुमच्या हिशोबापेक्षा 65-70 मीटर पुढेमागे असणार, आणि जहाजच असतं सव्वाशे-दीडशे मीटरचं, म्हणजे चुकायची पूर्ण शक्यता. तोच टॉर्पेडो पाचशे मीटरवरून सोडा, अर्ध्या मिनिटात पोचतो, तीच एक नॉटची चूक पंधरा-सतरा मीटरची होते, जहाजाला लागणारच. शिवाय कॉन्व्हॉयमधली सगळी जहाजं एकाच दिशेला एकाच वेगाने चाललेली, म्हणजे एकदा वेग आणि कोर्स नीट काढला की पुढच्या प्रत्येक जहाजाला तेच गणित. आणि एस्कॉर्ट? ते शोधणार बाहेर, कारण पाणबुडी बाहेरच असणार असं त्यांच्या पुस्तकात लिहिलेलं, प्रकाशाचे गोळे पण बाहेरच्या बाजूला उडवायचे. आत यायचं तर स्वतःच्याच जहाजांना धडकायची भीती. म्हणजे ती गल्ली ही त्या रात्री समुद्रातली त्यातल्या त्यात सुरक्षित जागा होती, हे ओळखायला धाडसापेक्षा डोकं जास्त लागतं. पुढे तिथे तासन्‌तास टिकून राहायला मात्र छाती लागते, ते कबूल.

त्याच्या बोटीवरच्या शिस्तीबद्दल पण सांगायला पाहिजे. लुकआउट, म्हणजे टेहळणी करणारा, सगळ्यात महत्त्वाचा, डुबकी अगदी शेवटचा उपाय, वायरलेस जवळपास बंद. त्याला मूक ऑटो म्हणायचे ते अबोल स्वभावामुळे आणि ह्या वायरलेस न वापरण्यामुळे पण. डोनिट्झला सारखे रिपोर्ट हवे असायचे आणि पुढे ह्याच बडबडीवरून दिशा काढून इंग्रजांनी कितीतरी बोटी गाठल्या. आमच्या वेळी पण ट्रान्समिट करायची वेळ आली की पोटात गोळा यायचा. गप्प राहणं हा पाणबुडीवाल्याचा धर्मच आहे.

1940 चा सप्टेंबर-ऑक्टोबर बघा. सप्टेंबरला एचएक्स 72 कॉन्व्हॉय, तिथे क्रेचमरने एका रात्रीत तीन जहाजांना टॉर्पेडो मारले, त्यातलं बॅरन ब्लिथ्सवूड लोखंडाच्या खनिजाने भरलेलं, ते मिनिटभराच्या आत गेलं. खनिज भरलेलं जहाज असंच जातं, आत हवा राहायला जागाच नसते, दगड टाकल्यासारखं. मग ऑक्टोबरला एससी 7. कॅनडाच्या सिडनीहून 35 जहाजं निघाली, मोठा महासागर ओलांडताना संरक्षणाला एकच स्लूप, म्हणजे छोटं लढाऊ जहाज, पुढे अजून काही एस्कॉर्ट येऊन मिळाले पण त्यांनी एकमेकांबरोबर कधी सराव केलेला नव्हता. पाणबुड्या जमा झाल्या आणि 20 जहाजं बुडाली. 18 तारखेच्या एका रात्रीत एकट्या यू-99 ने सहा. बाकी डिस्ट्रॉयर कुठे होते? हिटलर खाडी ओलांडून येईल ह्या भीतीने बरेचसे इंग्लंडच्या किनाऱ्यावर अडकवून ठेवलेले.

एक टॉर्पेडो एक जहाज हे वाक्य लोक फार मिरवतात, पण ते नेहमी जमलं असं समजू नका. नोव्हेंबरात त्याने लॉरेंटिक आणि पॅट्रोक्लस ही दोन मोठी प्रवासी जहाजं बुडवली, दोन्हींवर तोफा बसवून त्यांना लढाऊ बनवलेलं, आणि ती बुडायलाच तयार नव्हती, कारण अशा जहाजांत तरंगत राहावीत म्हणून रिकामी पिंपं भरलेली असायची. एकावर टॉर्पेडोवर टॉर्पेडो घालावे लागले. पॅट्रोक्लस तर लॉरेंटिकची माणसं पाण्यातून उचलायला थांबलेलं, तेव्हा गाठलं. युद्धाच्या नियमात बसतं, ते लढाऊ जहाज होतं, पण वाचताना माझा घास अडकतो. डिसेंबरात फोरफार हे तिसरं, तसलंच. ऑगस्टमध्ये नाइट्स क्रॉस हे जर्मन शौर्यपदक मिळालं होतं, नोव्हेंबरात त्याला ओकची पानं, आणि तलवारी तर नंतर कैदेत असताना.

बुडालेल्या जहाजांवर माणसं होती, हे पावणेतीन लाख टन म्हणताना आपण विसरतो, म्हणून थांबून लिहितो. क्रेचमरने जुलै 1940 मध्ये क्लॅन मेन्झीस बुडवलं, आणि क्लॅन लाइन ही कंपनी आपल्या हिंदुस्थानी खलाशांवर चालायची. आमच्या कोकणातनं, रत्नागिरीच्या बाजूने किती घरांतली माणसं मुंबईला जाऊन आगबोटीवर चढायची, कुणी खलाशी, कुणी टंडेल, कुणी सारंग, आणि गोव्याचे लोक सलूनमध्ये, स्वयंपाकघरात. त्याच सप्टेंबरात ब्लाइकरॉट नावाच्या दुसऱ्या कॅप्टनने सिटी ऑफ बनारस बुडवलं, बॉम्बहल्ल्यापासून वाचवायला कॅनडाला पाठवलेली 90 इंग्लिश मुलं होती त्यावर, 77 गेली, हे सगळ्या जगाला माहिती आहे. त्याच जहाजावर शंभराच्या आसपास हिंदुस्थानी खलाशी गेले, थंड पाण्यात, सुती कपड्यात, ते फार कुणी सांगत नाही. मुंबईत मशीद बंदरच्या खलाशांच्या घरात एक नोंदवही आहे, दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या हिंदुस्थानी दर्यावर्दी लोकांच्या नावांची, सहा हजारांहून जास्त नावं, तसलीच दुसरी प्रत चितगावला. माझ्या आजीचा धाकटा भाऊ असाच गेला, कुठल्या समुद्रात ते घरात कुणाला धड कळलं नाही, आजी जाईपर्यंत दर नारळी पौर्णिमेला त्याच्या नावाने एक नारळ वेगळा ठेवायची. मी पाणबुडीवर जातो म्हटल्यावर ती आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हती.

क्रेचमर क्रूर होता का? ज्या नोंदी आहेत त्यावरून तसं म्हणता येत नाही. वेळ आणि हवामान असेल तर वाचलेल्यांना मदत करायची हा त्याच्या बोटीचा नियम होता. एचएक्स 72 च्या वेळी तराफ्यावर एकटा पडलेला एक खलाशी त्याने बोटीवर घेतला, ब्लँकेट दिलं, आणि दुसऱ्या जहाजाच्या लाइफबोटीपाशी नेऊन सोडला. पण ज्या राजवटीसाठी तो लढत होता ती काय होती हे सगळ्यांना माहिती आहे, आणि लाइफबोटीला दिशा सांगितली म्हणून अटलांटिकच्या थंडीत त्यातली सगळी माणसं घरी पोचतात असं नाही. दोन्ही गोष्टी एकत्र लिहायला लागतात, एक लिहून दुसरी गाळता येत नाही.

आता शेवटची रात्र, इथेच तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे. 16 मार्च 1941, कॉन्व्हॉय एचएक्स 112, आइसलंडच्या दक्षिणेला. यू-99 नेहमीसारखी आत घुसली आणि पाच जहाजं बुडवली, वर एक टँकर जखमी. टॉर्पेडो संपले, बोट घराकडे वळली. त्याच सुमाराला जवळच योआखिम शेप्केची यू-100, त्याच्याइतकाच गाजलेला कॅप्टन, डेप्थ चार्जने, म्हणजे पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बने, मोडकळीला येऊन वर आलेली, आणि ब्रिटिश डिस्ट्रॉयर व्हॅनॉकच्या नवीन रडारवर ती अंधारात उमटली. अगदी सुरुवातीचं रडार ते, 286 टाइपचं, जेमतेम किलोमीटरभर बघायचं. पण तेवढं पुरलं. व्हॅनॉकने पूर्ण वेगाने जाऊन धडक दिली, शेप्के ब्रिजवरच चिरडला. जहाजाच्या रडारने पकडून देऊन बुडालेली ही पहिली पाणबुडी.

यू-99 वर क्रेचमर खाली होता, वर वॉचवरच्या माणसाला अचानक जवळ डिस्ट्रॉयर दिसला आणि त्याने डुबकी मारली. कॅप्टनचा नियम काय होता, वर राहा, वेगाने निघून जा. पाण्याखाली गेली आणि बोट बरोब्बर अॅस्डिकच्या तोंडात आली, वॉकर ह्या दुसऱ्या डिस्ट्रॉयरचा कॅप्टन मॅकिंटायर होता, त्याने डेप्थ चार्ज टाकले, बोट दोनशे मीटरच्या खाली घसरली, मोटर गेल्या, पाणी शिरलं. माझ्या अंदाजाने त्या कंट्रोल रूममध्ये अख्खं लक्ष एकाच काट्यावर असणार, डेप्थ गेजच्या. तिथून टँक ब्लो करून, म्हणजे टाक्यांतलं पाणी हवेने बाहेर ढकलून, वर येणं एवढंच हातात राहतं. वर आले तर समोर दोन डिस्ट्रॉयर गोळीबार करतायत. क्रेचमरने दिव्याने इंग्लिशमध्ये मेसेज पाठवला, माझी माणसं पाण्यात तुमच्याकडे वाहत येतायत, त्यांना वाचवा, मी बुडतोय. एक्झेटरचं इंग्लिश इथे कामाला आलं. बोट लवकर बुडावी, शत्रूच्या हाती लागू नये म्हणून इंजिनियर परत खाली गेला तो वर आलाच नाही. तो धरून तीन गेले, चाळीस वाचले.

वॉकरवर क्रेचमर चढला तेव्हा त्याच्या गळ्यात दुर्बीण होती, ती मॅकिंटायरने ठेवून घेतली. आणि त्याच जहाजावर त्याच रात्री बुडवलेल्या जहाजाचा कॅप्टन पण होता, पुढचे दोन दिवस हे लोक एकत्र बसून पत्ते खेळले. आमच्यात ह्या गोष्टीचं कुणाला फार आश्चर्य वाटत नाही.

त्याच महिन्याच्या सुरुवातीला प्रीन, ब्रिटिश नेव्हीच्या स्कापा फ्लो तळात घुसून रॉयल ओक ही युद्धनौका बुडवणारा, यू-47 सकट नाहीसा झाला होता. म्हणजे पंधरा दिवसाच्या आत जर्मनांचे तीन सगळ्यात मोठे कॅप्टन गेले. आणि ती पद्धत पण गेली. कारण वर राहिलेली बोट अंधारात दिसत नाही ह्या एकाच गोष्टीवर सगळं उभं होतं. पुढे 271 टाइपचं चांगलं रडार आलं, वायरलेसची दिशा पकडणारं यंत्र जहाजावर आलं, एस्कॉर्ट कायम एकाच ग्रुपमध्ये राहून सराव करायला लागले, विमानं लांबवर यायला लागली. 1943 मध्ये क्रेचमरच्याच पद्धतीने गल्लीत शिरायला गेलेला कॅप्टन आत पोचायच्या आधीच मेला असता. म्हणून आकडा मोडला नाही. क्रेचमर हुशार होता यात वाद नाही, पण ती हुशारी ज्या आठ-नऊ महिन्यात चालली ते महिने पुन्हा कुणाला मिळालेच नाहीत.

पुढची सात वर्षं कैद. आधी इंग्लंडमध्ये ग्रिझडेल हॉल, तिथे तो सगळ्यात सीनियर जर्मन अधिकारी. लढल्याशिवाय शरण आलेल्या यू-570 च्या अधिकाऱ्यांवर ह्या लोकांनी आपलंच गुप्त कोर्ट बसवलं, त्यातला एक जण ती पकडलेली बोट बुडवायला म्हणून पळाला आणि गोळी लागून मेला. हा भाग मला क्रेचमरच्या सगळ्या चरित्रात सगळ्यात वाईट वाटतो. मग कॅनडात बोमनव्हिल. तिथून 1943 ला बोगदा खणून पळायचं आणि किनाऱ्यावर येणाऱ्या यू-536 ने उचलायचं असा बेत, पण कॅनेडियन लोकांना सगळं कळलं होतं. एकटा वोल्फगांग हायडा विजेच्या तारेवरून लटकत कुंपणाबाहेर गेला, ठरलेल्या जागी पोचला पण, आणि तिथेच धरला.

डिसेंबर 1947 ला क्रेचमर सुटला. 1955 नंतर पश्चिम जर्मनीच्या नवीन नेव्हीत गेला, नाटोमध्ये बाल्टिक भागाच्या नेव्हल कमांडचा चीफ ऑफ स्टाफ झाला, 1970 ला फ्लोटिला अॅडमिरल म्हणून रिटायर. मॅकिंटायरने दुर्बीण परत केली.

आता नशिबाचं. जर्मन पाणबुड्यांवर साधारण 40 हजार लोक गेले, त्यातले जवळपास 30 हजार परत आले नाहीत. यू-99 चे 43 पैकी 40 जण घरी गेले, ते सुद्धा मार्च 1941 मध्ये पकडले गेले म्हणून. ती चुकीची डुबकी मारली नसती तर क्रेचमर पुढच्या गस्तीवर गेला असता, आणि त्याच्या पुढच्या, कुठपर्यंत ते सांगायला नको. तुम्ही नशीब जहाजं बुडवण्यात शोधताय, मला ते त्या पाच मिनिटांत दिसतं, टँक ब्लो केल्यावर बोट वर आली त्यात. 1998 च्या ऑगस्टमध्ये डॅन्यूब नदीवर, लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या सहलीत, बोटीवर झालेल्या अपघाताने तो गेला, 86 वर्षांचा होता.